निळा की लाल?

एप्रिल संपत आला की कोकणातल्या तालुक्याच्या गावांत फॅब्रिकेटरच्या शेडसमोर गर्दी वाढते. पाऊस महिना-दीड महिन्यावर आलेला असतो. घराची मापं वहीत उतरतात, लोखंडी पाइपाचा गेज ठरतो, मजुरीवर घासाघीस होते, ॲडव्हान्स हातात पडतो. सगळं उरकून माणूस गाडीला किक मारणार तोच मागून प्रश्न येतो, ‘‘पत्रा निळा टाकू की लाल?’’

‘‘तुमच्याकडे काय आहे?’’

‘‘निळा आहे. लाल मागवावा लागेल, आठ दिवस जातील.’’

‘‘मग निळाच टाका.’’

अर्ध्या मिनिटात विषय संपतो. त्याच घरात हॉलच्या भिंतीचा रंग कोणता, यावर गेल्या शिमग्यापासून खल चालू असतो. शेड कार्डाच्या घड्या फाटायला आलेल्या असतात, मुंबईच्या सुनेनं मोबाइलवर चार फोटो पाठवलेले असतात, पुण्याच्या मेव्हण्यानं त्यातले तीन बाद केलेले असतात. हॉलचा रंग पाच-सात वर्षांनी बदलतो. बाहेरच्या भिंतीचा रंग कोकणच्या पावसात तेवढाही टिकला तर नशीब. पत्रा मात्र एकदा चढला की पुढची वीस-पंचवीस वर्षं उतरत नाही, आणि रस्त्यावरून, समोरच्या डोंगरावरून, एसटीच्या खिडकीतून घर म्हणून जे दिसतं त्यात निम्म्याहून जास्त भाग छपराचाच असतो. उतरत्या छपराच्या घरात भिंत वळचणीच्या सावलीत असते. ऊन घेतो तो पत्रा.

घराला नवं रूप देताना क्रम उलटा लागतो, हे माझं या सगळ्या विषयातलं मुख्य गाऱ्हाणं आहे. जे सर्वांत जास्त काळ टिकणार ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त विचार करून ठरवायला हवं. छप्पर आधी, मग जोतं आणि दारं-खिडक्या, भिंती सगळ्यांत शेवटी. भिंतीचा रंग चुकला तर एक दिवाळी बोचते. छपराचा चुकला तर मुलं शाळेत जाऊन, शिकून, नोकरीला लागेपर्यंत तो तिथंच असतो.

पण लोकांना दोष तरी कसा द्यायचा? छपराचा रंग निवडायची वेळच आपल्यावर कधी आली नव्हती. आधी गवत, पेंढा, नारळाची झापं. मग गावच्या कुंभारानं चाकावर केलेले नळे. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि यंत्रानं दाबलेलं, एकमेकांत खाचांनी अडकणारं चपटं कौल गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं वर आलं. पुढं कौलांचे कारखाने वाढले, वेगवेगळे छाप आले. पण रंग एकच राहिला, कारण तो कोणी दिलेलाच नव्हता. मातीतलं लोह भट्टीत तापलं की लाल होतं, एवढंच. भट्टीत कौल कुठं बसलं त्यावर एखादं फिकट, एखादं काळपट निघायचं. त्यावर चार पावसाळ्यांचं शेवाळ चढलं, दोन फुटकी कौलं बदलली, की प्रत्येक पाख्यावर लालाच्या दहा-बारा छटा आपोआप तयार. म्हणून जुनं कौलारू घर कुठल्याही भिंतीवर, कुठल्याही झाडाखाली शोभून दिसे. त्यात मालकाच्या रसिकतेचा काही भाग नव्हता.

कौलं गेली ती लोकांना ती आवडेनाशी झाली म्हणून नव्हे. मे महिन्यात घर शाकारायचं म्हणजे सगळी कौलं उतरवायची, झाडायची, सडलेल्या रिपा आणि वासे बदलायचे, फुटकी बाजूला काढून पुन्हा ओळीनं चढवायची. हे काम येणारे हात गावात राहिले नाहीत. त्यात वानरं. फणस-आंब्यावरून वानरांची टोळी पाख्यावर उतरली की भर पावसात माजघरात धार लागते. माकडं आणि मजूर या दोन कारणांपुढं वारसा, सौंदर्य वगैरे शब्द शहरातून आलेल्या पाहुण्यांनी वापरावेत. पावसात रात्री उठून गळतीखाली पातेली लावणाऱ्याला ते सांगू नयेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडं ज्यांचं अजून ठरत नव्हतं त्यांचंही वाऱ्यानंच ठरवून टाकलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत वर गेलं. वादळानंतर पाऊस तोंडावर असताना जो पत्रा मिळाला तो लोकांनी घातला. रंग बघायला फुरसत कोणाला होती?

आता तो पत्रा काय असतो ते बघू. रंगीत पत्रा म्हणजे पोलादाचा पातळ तक्ता, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. त्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रणाचा लेप, मग प्रायमर आणि वर पॉलिस्टर रंगाचा थर. वरचा रंग साधारण २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. हे सगळं कारखान्यातच होतं. गुंडाळीवर रंग चढवून, भट्टीत भाजून मोठमोठ्या कॉइल बाहेर पडतात. व्यापारी ज्या रंगाला गिऱ्हाईक भरपूर त्याच रंगाच्या कॉइल भरून ठेवतो. गिऱ्हाईक जे दुकानात आहे तेच घेतं. तेच खपलं म्हणून पुढच्या वेळी तेच येतं. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या शेडसाठी जो निळा चालत आला तो अशा रीतीनं देवघराच्या वर जाऊन बसला. कोकणानं निळा निवडला, असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. निळा गोदामात होता.

या रंगांना नावं नसतात, आकडे असतात. आरएएल ही जर्मनीत १९२७ मध्ये चाळीस रंगांपासून सुरू झालेली यादी. बहुतेक सगळा पत्रा तिच्या आकड्यांवर विकला जातो. फॅब्रिकेटर ज्याला निळा म्हणतो तो बहुधा ५०१२, ज्याला लाल म्हणतो तो ३००९ किंवा त्याच्या जवळपासचा, कौलासारखा तपकिरी हवा असेल तर ८००४, आणि ऑफव्हाइट ९००२. हे चार आकडे वहीत लिहून दुकानात जाणाऱ्या माणसाशी दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो, हा अनुभव घेण्यासारखा आहे. मार्चमध्ये सांगितलं तर हवा तो रंग मागवता येतो. मे महिन्याच्या वीस तारखेला सांगितलं तर निळा.

निळ्याशी माझं वैर नाही. पावसाळ्यात चारी बाजूंनी हिरवं असताना दोन-चार निळे पाखे वाईट दिसत नाहीत, आणि पहिल्या वर्षी तर तो आभाळाचा तुकडा वाटतो. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे तो सपाट असतो. कौलाच्या पाख्यावर छटा असतात, पत्र्याच्या पाख्यावर एकच रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. सपाट रंग जितका भडक तितका डोळ्याला मोठा दिसतो. दुसरी अडचण खालच्या भिंतीची. निळ्याखाली चिऱ्याची लालसर-तपकिरी भिंत आली की दोन्ही एकमेकांवर ओरडतात. म्हणून निळा पत्रा घातलेला माणूस पुढं भिंतीला पिस्ता नाही तर आकाशी रंग देतो, मग खिडक्यांना त्याहून गडद निळा, आणि घराचं हळूहळू पोहण्याचं टाकं होतं. लालाची वेगळीच गंमत. पत्र्याचा लाल आणि चिऱ्याचा लाल जवळपास असतात पण सारखे नसतात, आणि जवळपासचे रंग एकमेकांना जितके खाऊन टाकतात तितके विरुद्ध रंगही खात नाहीत. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर मला सगळ्यांत बरा दिसलेला पत्रा मळकट राखाडी आहे. त्यानंतर गडद तपकिरी. कौलाच्या आकाराचा ठसा मारलेला पत्राही मिळतो. लांबून तो फसवतो, पण उन्हात चकाकला की पितळ उघडं पडतं.

*

घाटावर प्रश्न दिसण्याचा कमी, तापण्याचा जास्त. सोलापूरकडं आणि मराठवाड्यात जुनी घरं धाब्याची, माळवदाची: लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि वरून पांढऱ्या मातीचा लेप. दरवर्षी पावसाआधी ती माती नव्यानं पसरायची. ऊन परतवायला वरचा फिका रंग आणि जिरवायला खालची हातभर माती. आता त्या जागी स्लॅब आला, नाही तर नुसता पत्रा. आणि गंमत बघा, चकचकीत नवा पांढरा पत्रा, ज्याला रंगच नाही, तोही दुपारी हात लावू देत नाही. तो ऊन बऱ्यापैकी परतवतो; पण जे थोडं पोटात घेतो ते बाहेर टाकायला त्याला जमत नाही, कारण उघडा धातू उष्णता बाहेर फेकण्यात फार कंजूष असतो. त्याच पत्र्यावर रंगाचा थर आला की तो उष्णता बाहेर सोडू लागतो. म्हणून पत्र्याचा रंग हा शोभेचा विषय असला तरी खाली झोपणाऱ्याच्या झोपेशीही त्याचा संबंध आहे.

नवा पांढरा लेप उन्हातली जवळपास ऐंशी टक्के ऊर्जा परत फेकतो. ऑफव्हाइट पत्रा साठ टक्क्यांच्या आसपास. साधा निळा, लाल किंवा हिरवा पत्रा पाव ते तिसरा हिस्सा, आणि काळ्याच्या जवळ जाणारा रंग त्याहूनही कमी. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळं रंग नुसता बघून सगळं कळत नाही. दिसायला तोच तपकिरी, पण रंगद्रव्य वेगळं घातलं तर तो हे न दिसणारे किरण परतवतो. असे पत्रे बाजारात येऊ लागले आहेत, महागही आहेत. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग द्यायचा उपक्रम सुरू झाला. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं सरकारी धोरणच आणलं. आपल्याकडं विदर्भात कितीतरी घरांत मार्च लागला की गच्चीवर चुना मारायची चाल कोणत्याही धोरणावाचून चालू आहे.

चंद्रपूर, नागपूर, अकोला, सोलापूर इथं घर असेल तर मी दुसरा विचार करणार नाही: गच्ची पांढरी, पत्रा ऑफव्हाइट. धूळ बसून दोन-तीन वर्षांत त्याचा गुण कमी होतो, तेव्हा उन्हाळ्याआधी पाणी मारून घासून काढायचा. रत्नागिरीत मात्र हाच सल्ला द्यायला जीभ अडखळते. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ज्याच्यावर पडतो त्याच्यावर काळं शेवाळ धरतं. पांढरं छप्पर दोन पावसाळ्यांत चित्त्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं होतं. कोकणात मधला, जरा मळखाऊ रंग घ्यावा आणि उष्णतेसाठी पत्र्याखाली जाड लेप, फळ्या किंवा निदान हवा खेळायला आढ्यापाशी वाट ठेवावी. रंगाकडून सगळीच कामं करून घेता येत नाहीत.

*

भिंतींकडं येऊ. इथं आपली परंपरा मोठी आहे, कारण भिंतीचा रंग माणसं पहिल्यापासून स्वतः कालवत आली. कळीचा चुना पिंपात विरवायचा, चांगला मुरू द्यायचा, गाळायचा, त्यात डिंक आणि मीठ, आणि वर चिमूटभर नीळ. नीळ अशासाठी की चुन्याची पिवळसर झाक मारली जाऊन तो जास्त पांढरा दिसावा. जास्त नीळ घातली की आकाशी. पिवळा हवा तर पिवडी, लाल हवा तर काव किंवा गेरू. खेड्यातल्या घराला एवढेच रंग मिळत आणि एवढेच चालत. कारण असं की चुना जहाल असतो. त्यात नाजूक रंगद्रव्य टाकलं तर ते मरतं. मातीतून येणारी लोहाची संयुगं, म्हणजे काव, गेरू, पिवडी, चुन्यालाही भीत नाहीत आणि उन्हालाही. कपड्यांची कारखान्यात बनणारी नीळही चुन्यात टिकते. जुन्या घरांचे पिवळे, लाल, फिके निळे रंग आपल्याला जुळलेले वाटतात, कारण जे टिकतच नव्हते ते आधीच गळून गेले होते. गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांवर चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवून, ती कोरून आतला पांढरा काढलेली कावी चित्रं आहेत. बाहेरच्या भिंतींवर, पावसाच्या तोंडावर, पिढ्यान् पिढ्या त्यांचा लाल तसाच लाल आहे.

मग डिस्टेंपर आलं, बाहेर स्नोसेम आलं आणि आत ऑइल पेंट. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये रंगाचा कारखाना निघाला होता; त्याचंच पुढं नेरोलॅक झालं. १९४२ मध्ये चार मित्रांनी मुंबईतच एशियन पेंट्स सुरू केली आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिला हातात ब्रश आणि बादली घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला गट्टू काढून दिला. तरी या काळातही दुकानात रंग मोजकेच असत. डबा उघडला की जो रंग आत तोच भिंतीवर. खरा फरक पडला तो दुकानात मिक्सिंगचं यंत्र आल्यावर. पांढरा बेस, वरून संगणकानं मोजून टाकलेले थेंब, दोन मिनिटं गदागदा हलवलं की हजारभर छटांपैकी हवी ती तयार. तालुक्याच्या गावापर्यंत हे यंत्र पोचलं आणि पोपटी, जांभळा, गुलाबी, मोरपिशी घरं शेताच्या बांधावर उभी राहिली. शहरी मंडळी त्यांना नाकं मुरडतात. मला त्यातला उत्साह आवडतो: आयुष्यभर चुना आणि गेरू बघितलेल्या माणसाला पहिल्यांदाच हजार रंग समोर मिळाले, तर तो बेज घेईल कशाला? बेज घेतात पुण्या-मुंबईच्या सोसायट्या. तिथं सर्वसाधारण सभेत तीन पट्टे भिंतीवर मारून दाखवतात, तासभर वाद होतो, आणि कोणालाच न आवडणारा पण कोणालाच न खुपणारा रंग बहुमतानं मंजूर होतो.

या हजार रंगांत एक मेख मात्र आहे आणि ती दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. सगळे रंग उन्हात सारखे टिकत नाहीत. भडक लाल, गुलाबी, जांभळा, लखलखीत पिवळा यांतली बरीच रंगद्रव्यं सेंद्रिय असतात आणि ती पश्चिमेच्या उन्हात उडतात. दोन वर्षांत उत्तरेची भिंत जांभळी आणि पश्चिमेची राखी, असं घर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मातीच्या कुळातले रंग मागं राहतात. दुकानात ‘‘बाहेरून चालेल ना?’’ असं विचारलं तर ‘‘चालेल की’’ हेच उत्तर मिळणार. ‘‘या शेडमध्ये लोहाचे ऑक्साइड आहेत का?’’ असं विचारून बघा. जुना दुकानदार असेल तर हसेल आणि कार्डाचं दुसरं पान उघडेल.

पेंटरचं म्हणणं ऐकावं, पण थोडं चाळून. कित्येक डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, हल्ली स्कॅन करायचा कोड. त्यामुळं ‘‘साहेब, याच कंपनीचा घ्या’’ या आग्रहामागं नेहमीच कारागिरी असते असं नाही. उलट पत्री मारणं, लांबी भरणं, घासणं, प्रायमर या गोष्टींवर तो दिवस मागत असेल तर द्यावेत, कारण रंगाचं आयुष्य तिथंच ठरतं. आपण मालक लोक नेमकं तेच कमी करायला सांगतो आणि वरच्या हातासाठी महागडा डबा आणतो. एक गोष्ट मात्र पेंटरला आपणच सांगायची. जुन्या दारा-खिडक्यांवरचा ऑइल पेंट कोरडा घासू नये. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ती धूळ पोटात जाणं वाईट, लहान मुलांना तर फारच. पाणी मारून घासावं आणि पोरांना त्या दिवशी आजोळी धाडावं.

कोकणात आणखी एक जुनी शहाणीव होती, ती आपण पुसून टाकली. भिंतीच्या तळाशी, जोत्यापासून दोन-अडीच फूट, गेरूचा किंवा कावेचा पट्टा असे. पागोळ्या अंगणात पडतात, लाल माती उडते आणि भिंतीवर बसते. जिथं ती बसणारच तिथं आधीच लाल रंग देऊन ठेवलेला. आता वरपासून खालपर्यंत ऑफव्हाइट. जुलैत त्या घराकडं बघवत नाही.

चिऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न अलीकडं फार विचारला जातो. चिरा उघडा ठेवायची फॅशन आली आहे आणि ती चांगली आहे. पण उघड्या चिऱ्यावर चकचकीत लॅकर मारायची जी पद्धत पडली आहे ती दोन्हीकडून मारते. दगड ओला असल्यासारखा चमकतो, आणि त्याच्या भोकांत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. मग लॅकर पांढरं पडतं, सोलून निघतं. पाणी झटकणारा पण थर न धरणारा, सिलिकॉनच्या जातीचा द्रव मिळतो, तो बरा. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला तर प्लॅस्टिक पेंट देऊच नये. ती भिंत जमिनीतून ओल घेते आणि चुन्यातून सोडते. तिच्यावर रबरासारखा थर चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे येतात. लोक पेंटरला शिव्या देतात. तिथं पुन्हा चुना, हाच इलाज, आणि स्वस्तही.

*

घरांच्या रंगांचं नाव निघालं की लोक गोव्याकडं बोट दाखवतात. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये पिवळी, निळी, विटकरी घरं, दारं-खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या. पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता म्हणून घरांना रंग द्यावे लागत, आणि दर पावसाळ्यानंतर ते नव्यानं द्यावे लागत, असं तिथला प्रत्येक गाईड सांगतो. असेल. माझं लक्ष दुसरीकडंच जातं. गल्लीच्या वरच्या टोकाला, जरा उंचावर उभं राहून बघावं: भिंती इतक्या रंगांच्या, आणि वर कौलांचा एकच लाल. भिंतींना जी मोकळीक मिळाली ती छपरानं दिली. त्याच गल्लीत चार घरांवर निळा, हिरवा, चॉकलेटी पत्रा टाकून बघा, मग त्याच पिवळ्या-निळ्या भिंती भांडायला लागतील. आपले लोक फोंतेन्यासचा फोटो पेंटरला दाखवतात आणि भिंतीचा निळा तंतोतंत मिळवतात. वरचा भाग फोटोत बहुधा कापलेला असतो.

गावात रंगाला आणखी एक बाजू असते आणि तिच्याविषयी शेड कार्डावर अवाक्षर नसतं. भिंतीवरचा गडद निळा, भगवा, हिरवा हे नुसते रंग राहिलेले नाहीत. कोणाच्या घराला कोणता रंग लागला यावरून आळीतले लोक अर्थ काढतात, आणि काही माणसं तो अर्थ काढला जावा म्हणूनच अभिमानानं तो रंग लावतात. त्यात गैर काही नाही. पण तोच निळा छपरावर गेला की मात्र सगळ्यांचा, सगळ्या आळ्यांत सारखा. भिंत मालकाविषयी बोलते असं सगळे धरून चालतात, आणि पत्रा फॅब्रिकेटरचा.

निवडायचं कसं, हे एवढं लिहिल्यावर सांगायलाच हवं. मोबाइलवरून निवडू नये. चाकरमानी मुंबईत, घर राजापुरात आणि निर्णय व्हॉट्सॲपवर, ही आता सर्रास पद्धत आहे. पण मोबाइलचा कॅमेरा उजेड बघून पांढरा रंग आपल्या मतानं दुरुस्त करतो, आणि समोरच्याचा स्क्रीन तो आणखी एकदा दुरुस्त करतो. क्रीम म्हणून मंजूर केलेला रंग गावी जाऊन बघावा तर लिंबू. छोटा डबा आणावा, तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन दोन वेगळ्या भिंतींवर मारावा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री ट्यूबच्या उजेडात बघावा. कार्डावरचा बोटभर तुकडा भिंतभर झाला की जास्तच गडद, जास्तच भडक वाटतो, तेव्हा कार्डावर आवडला त्याच्या एक घर अलीकडचा घ्यावा. बागेकडं तोंड असलेल्या खोलीत पांढराही हिरवट दिसतो, कारण पानांवरून येणारा उजेडच हिरवा असतो. तिथं जरा पिवळसर पांढरा चालतो. माजघरासारख्या काळोख्या खोलीत प्रयोग करू नयेत, पांढरा द्यावा. पत्र्याचंही असंच. फॅब्रिकेटरकडं कापलेले तुकडे पडलेले असतात. हातभर तुकडा मागून आणावा आणि आठ दिवस जुन्या पाख्यावर टाकून ठेवावा. बादलीभर पाणी ओतून ओलाही बघावा, कारण वर्षातले चार महिने तो तसाच दिसणार आहे.

राहता राहिली वेळ. घाटावर रंगकाम दसरा ते दिवाळी निघतं आणि ते योग्यच आहे. पाऊस गेलेला, भिंती सुकलेल्या, ऊन कोवळं. कोकणातला सण मात्र गणपती. तो येतो भाद्रपदात, म्हणजे भर पावसाळ्यात, आणि बाप्पाच्या आधी घर रंगलंच पाहिजे. श्रावणात भिंत हाताला गार लागत असते, पुट्टी वाळत नाही, तरी रंग चढतो, कारण मुंबईहून माणसं यायची असतात. आरती होते, फोटो निघतात, माणसं परत जातात आणि शिमग्याला येतात तेव्हा पोपडे धरलेले असतात. भिंतीला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून रात्रभर चिकटवून ठेवावा. सकाळी आतून दव धरलं असेल तर रंगाचा डबा उघडू नये. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान महिनाभर तरी थांबावं. त्याचा क्षार रंगाला खातो.

ज्यांना जमतं ते आता काम दोन भागांत करतात. मे महिन्यात चाकरमानी सुट्टीवर असतात, भिंती उन्हानं तडकायला आलेल्या असतात, तेव्हा छप्पर, बाहेरच्या भिंती आणि आतल्या मोठ्या खोल्या. गणपतीआधी फक्त मखराच्या मागची भिंत आणि ओटी, तीही कोरडी असेल तर. मधल्या तीन महिन्यांत उरलेला रंग डब्यात घट्ट बंद. त्याच छटेचा डबा नंतर पुन्हा लागला तर दुकानाच्या यंत्रातून निघणारा दुसरा घाणा पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून नवा आणि जुना रंग एकाच भिंतीवर आणू नये, कोपऱ्यावर तोडावा. आणि डब्याच्या झाकणावर चिकटवलेला बेसचा नंबर आणि शेडचा कोड यांचा फोटो काढून ठेवावा, कारण पेंटर तो डबा रिकामा झाला की पाणी भरायला घरी घेऊन जातो.